विधातेबाई आणि व्हरांड्यातले बाप

बायको आत कळा देत असते आणि नवरा बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत असतो. अशा नवऱ्याच्या हातात इतर ठिकाणी काय देतात मला माहीत नाही. आमच्या प्रसूतिगृहात डॉ. विधाते त्याच्या हातात झाडू देत.

"फेऱ्या मारायच्याच आहेत ना? मग झाडू घेऊन मारा. तेवढाच व्हरांडा निघेल."

नवऱ्याला राग यायलाही सवड मिळायची नाही. बाई बोलून आत गेलेल्या असायच्या आणि हा खाली वाकून झाडू लागलेला असायचा. बाईंचा आवाजच तसा होता. उंच, हाडापेराने मोठी बाई, पांढरी सुती साडी, पायात पुरुषी सँडल आणि उजव्या मनगटावर पुरुषी घड्याळ. समोर येऊन उभ्या राहिल्या की माणूस आपोआप काहीतरी काम शोधू लागे.

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा माझ्याही हातात त्यांनी झाडूच दिला. नव्वद सालानंतरची गोष्ट. मी जकात नाक्यावर क्लार्क होतो. साहेबाशी वाजलं आणि माझी बदली पेठ रोडवरच्या महापालिकेच्या या प्रसूतिगृहात झाली. ज्याला शिक्षा म्हणून पाठवायचं पण नोकरीवरून काढता येत नाही, अशा माणसासाठीच ती जागा राखून ठेवली असावी. मी ऑर्डर खिशात घालून व्हरांड्यात उभा होतो. बाई आल्या, झाडू दिला, गेल्या. मी मुकाट्याने सगळा व्हरांडा झाडला. मग आत जाऊन ऑर्डर दाखवली. त्यांनी ती वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कोपरे राहिलेत. पण झाडता बरं."

त्या दिवसापासून माझं नाव जकात. "अहो जकात, तेवढा फोन लावा." "जकात, रजिस्टर आणा." मला आईवडिलांनी ठेवलेलं एक नाव आहे हे त्यांना माझ्या पगारपत्रकावर सही करतानाच काय ते आठवत असेल.

त्यांचं स्वतःचं आडनाव विधाते आणि काम बाळंतपणाचं. या योगायोगावर नवीन येणारा प्रत्येक जण विनोद करी आणि तो विनोद आपल्यालाच सुचला असं त्याला वाटे. बाई प्रत्येक वेळी तो शांतपणे ऐकून घेत आणि मग त्या माणसाला संडासाच्या टाकीत पाणी आहे का ते बघून यायला पाठवत.

बाई मखमलाबादकडच्या माळ्याच्या घरातल्या. वडील फुलं आणि भाजीपाला करायचे. डॉक्टरकी शिकून आल्या तरी त्यांची वैद्यकीय भाषा वाफ्यातच राहिली. पहिलटकरणीच्या सासूने घाई केली की म्हणत, "नवं रान आहे, नांगर बसायला वेळ लागतो." कुणी सारखं सिझरचं विचारू लागलं की, "कोथिंबीर आहे का उपटून काढायला? होईल आपसूक." आणि बाप धावत येऊन विचारायचा, "काय झालं बाई?" तर त्याला उत्तर मिळे, "माणूस झालं."

"तसं नाय बाई, मंजे मुलगा का..."

"माणूस झालं म्हटलं ना. दोन हात, दोन पाय, आवाज माझ्यापेक्षा मोठा. तो नळ गळतोय तो दुरुस्त करा, मग पुढचं सांगते."

आणि नळ दुरुस्त व्हायचा. हे हसण्यावारी नेऊ नका. आमचं प्रसूतिगृह त्या काळात बापांच्या जिवावरच उभं होतं. आमचा झाडूवाला रिटायर झाला आणि त्याची जागा भरली गेली नाही. वरच्या ऑफिसात चौकशी केली तर उत्तर आलं, पदभरतीला स्थगिती आहे. मग माळी गेला. मग शिपाई. मग एक नर्स. माणसं वयाप्रमाणे रिटायर होत राहिली आणि स्थगिती मात्र तरुणच राहिली. दुरुस्तीला पैसे मागितले तर तेही नाहीत. तेव्हा बाईंनी व्हरांड्यातल्या रिकाम्या बापांकडे पाहिलं.

अंबडच्या कारखान्यातला एक फिटर होता, त्याने पाण्याची मोटर खोलून बसवून दिली. चांदवडहून कांदा घेऊन येणाऱ्या टेम्पोवाल्याची बायको आमच्याकडे होती, त्याने परतीच्या फेरीत वाळू आणून टाकली आणि पुढच्या आठवड्यात एका गवंड्याला मुलगी झाली तेव्हा त्याच वाळूने मागच्या भिंतीचा गिलावा झाला. शिंप्याने पडदे शिवले. एक कॉलेजातले प्राध्यापक होते. ते म्हणाले, मला हातकाम येत नाही. बाई म्हणाल्या, मग वॉर्डात बायकांना पेपर वाचून दाखवा. प्राध्यापकांनी अग्रलेखापासून सुरुवात केली. थोड्याच वेळात सगळा वॉर्ड गाढ झोपला, पोरांसकट. बाई पुढे कितीतरी दिवस म्हणायच्या, इतका उपयोगी बाप पुन्हा मिळाला नाही.

आमच्याकडच्या नर्सपैकी एक होत्या पगार सिस्टर. कळवणकडच्या. त्यांच्या आडनावावरून बाईंचा एकुलता एक ठेवणीतला विनोद होता. महिना संपून आठवडा झाला की त्या वॉर्डाच्या दारात उभ्या राहून म्हणत, "आमच्याकडे पगार रोज येतात. फक्त पगार येत नाही." सिस्टर हसायच्या. पहिली काही वर्षं तरी हसायच्या.

मग सुधारणा आल्या. त्या शब्दाचा अर्थ मला तोवर चांगला वाटायचा. कुठल्यातरी मोठ्या कर्जातून आरोग्य खात्याचा प्रकल्प सुरू झाला होता आणि त्यात म्हणे सेवा फुकट देणं ही वाईट सवय ठरली होती. केसपेपरला पैसे, तपासणीला पैसे, बाळंतपणाला पैसे. गरिबांना माफी, पण गरीब कोण हे कागदाने सिद्ध करायचं. एक दिवस टाय लावलेला एक तरुण आला. चांगला मुलगा होता, घाम पुसत पुसत सगळीकडे फिरला. त्याने बाईंना विचारलं, खर्चाच्या मानाने वसुली किती होते?

"कुणाकडून?" बाईंनी विचारलं.

"लाभार्थ्यांकडून."

बाईंनी त्याला वॉर्डात नेलं आणि तासाभरापूर्वी जन्मलेलं एक पोर त्याच्या हातात दिलं. "हा आमचा सगळ्यात नवा लाभार्थी. विचारा त्याला." तो मुलगा पोर धरून अवघडून उभा राहिला. त्याला धरता येत नव्हतं आणि द्यायचं कुणाकडे तेही कळेना. शेवटी हिराबाई आयांनी ते घेतलं. जाताना त्याने बाईंना सांगितलं की त्यालाही हे पटत नाही, पण अहवाल द्यावा लागेल. बाई म्हणाल्या, "द्या हो. तुम्हालाही पोट आहे."

बाईंनी त्यानंतर आलेल्या प्रत्येक बाईला गरीब ठरवलं. रेशन कार्ड असो नसो. मी म्हणायचो, बाई, सगळ्याच कशा गरीब? त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "श्रीमंत असती तर इथे आली असती का?" यात चूक काढता येत नव्हती. पण वसुली शून्य दिसू लागली आणि वरून कारणे दाखवा नोटीस आली. बाईंनी मला टाइपरायटरवर बसवलं आणि उत्तर सांगितलं. "कारण: गरिबी." मी वाट पाहत राहिलो. त्या म्हणाल्या, "झालं. काढा बाहेर, सही करते."

त्या वेळी आम्हाला याचं फार कौतुक वाटलं. चहाच्या टपरीवर मी ही गोष्ट रंगवून सांगायचो. पण त्या एका ओळीचा परिणाम असा झाला की पुढच्या वर्षी आमच्या औषधांना आणखी कात्री लागली. जे केंद्र कमावत नाही त्याला कमी द्यायचं, असा नवा हिशेब होता. हातमोजे धुऊन वापरू लागलो. बाई आता बाजारातून स्वतः कापूस आणायच्या आणि विचारलं तर म्हणायच्या, येता येता स्वस्त मिळाला. भूल देणारे डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, तेही बंद झाले, तेव्हा सिझरच्या बायका मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवाव्या लागू लागल्या. त्यासाठी आमच्याकडे एक ॲम्ब्युलन्स होती. तिचा ड्रायव्हर रिटायर झाला तेव्हा जागा भरायची नाही, कंत्राटदाराकडून माणूस घ्यायचा असं ठरलं. कंत्राटदाराने एक मुलगा पाठवला. त्याला महिनोन् महिने पैसे मिळाले नाहीत. एक दिवस तो चावी माझ्या टेबलावर ठेवून गेला. चांगला गाडी चालवायचा. बाईंनी वरच्या ऑफिसला कितीदा लिहिलं याची मोजदाद माझ्याकडे नाही. स्वतः जाऊन भांडून आल्या, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की नवीन कंत्राटाची प्रक्रिया सुरू आहे.

मंगल नावाची बाई त्या उन्हाळ्यात आली. पेठच्या पुढे कुठल्यातरी पाड्यावरची, इकडे नवऱ्याबरोबर मळ्यात कामाला. दुसरं बाळंतपण. नवऱ्याचं नाव सोमा. बाईंनी रिवाजाप्रमाणे त्याच्या हातात झाडू दिला. तो इतका मन लावून झाडत होता की व्हरांडा संपल्यावर अंगण झाडायला लागला. दुपारी पोर रडल्याचा आवाज आला. बाई दारात आल्या, म्हणाल्या, "माणूस झालं रे." सोमाने कोणतं ते विचारलंसुद्धा नाही. नुसता हसला आणि उरलेलं अंगण झाडू लागला.

थोड्या वेळाने पगार सिस्टर धावत माझ्याकडे आल्या. रक्त थांबत नव्हतं. आमच्याकडे होतं ते सगळं देऊन झालं होतं. रक्ताची बाटली आमच्याकडे कधीच नसायची, त्यासाठी मोठ्या दवाखान्यातच न्यावं लागे. ॲम्ब्युलन्स जांभळाच्या सावलीत उभी होती. चावी माझ्या खणात होती. गाडी चालवता येणारा एकही माणूस आवारात नव्हता. मी रस्त्यावर धावत गेलो आणि भाजीच्या क्रेट्स घेऊन निघालेला एक टेम्पो थांबवला. त्या माणसाने एक शब्द न बोलता क्रेट्स रस्त्याच्या कडेला उतरवले. पोर हिराबाईंच्या हाती देऊन आम्ही मंगलला गादीसकट मागे ठेवलं. बाई तिच्याजवळ गुडघ्यावर बसल्या, तिच्या ओटीपोटावर दोन्ही हातांनी दाबून धरलं, आणि टेम्पो निघाला. मी पुढे ड्रायव्हरजवळ होतो. मागच्या खिडकीतून मला सोमा दिसत होता. टेम्पोत चढताना त्याच्या हातातला झाडू तसाच राहिला होता. त्याला तो खाली ठेवायचं सुचलं नव्हतं.

नाक्यावर बाजाराची गर्दी होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत, ओरडत वाट काढत होता. मागून बाईंचा आवाज येत होता, "मंगल, डोळे उघड. माझ्याकडे बघ. बघ गं बाई." पुलाच्या अलीकडे कुठेतरी तो आवाज थांबला. मी वळून पाहिलं. बाईंनी हात काढले नव्हते. दवाखान्याच्या दारात पोचल्यावर तिथल्या माणसांनी त्यांचे हात धरून बाजूला केले.

सोमा शिव्या देईल, अंगावर येईल, अशी आम्हाला धास्ती होती. खरं सांगायचं तर आम्ही त्याची वाटच पाहत होतो. त्याने दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो बाईंसमोर आला आणि म्हणाला, "बाई, तुमी लय केलं."



चौकशी झाली. समितीत तीन माणसं होती, तिघांनीही चहा घेतला नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. त्यांनी बाईंना विचारलं की ॲम्ब्युलन्स असताना रुग्णाला भाजीच्या टेम्पोतून का नेण्यात आलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, बाईंनी हाताने थांबवलं. त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. समितीने सगळं लिहून घेतलं. काही महिन्यांनी निष्कर्ष आला. पुरेसं मनुष्यबळ आणि सुविधा नसल्यामुळे हे केंद्र चालू ठेवणं रुग्णांच्या हिताचं नाही.

मी तो कागद बाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला. म्हणाल्या, "पाय यांनीच तोडले, जकात. आता म्हणतात, लंगडं आहे, विकून टाका."

मंगल गेल्यानंतर बाईंनी कुणाच्याही हातात झाडू दिला नाही. व्हरांड्यात नवरे येरझाऱ्या घालत आणि पायाखाली पाला कुरकुरे. एखादा जुना बाप दुसऱ्या पोराच्या वेळी येई, आपणहोऊन विचारी, बाई, झाडू कुठाय? त्या म्हणत, बसा तुम्ही. काय झालं विचारलं तर सरळ सांगत, मुलगी झाली, किंवा मुलगा झाला. मला ते ऐकवत नसे. नंतर बायकाही कमी येऊ लागल्या. ज्या ठिकाणी एक बाई गेली तिथे दुसरी कशाला जाईल. खाटा रिकाम्या दिसायला लागल्या आणि रिकाम्या खाटांचं कारण पुढच्या कागदावर आलं.

केंद्र बंद झालं त्या दिवशी काहीच झालं नाही. भाषण नाही, नारळ नाही. सकाळी शेवटची बाळंतीण रिक्षाने घरी गेली. हिराबाईंनी खाटांवरच्या चादरी धुऊन वाळत घातल्या, आणि मग त्या घड्या करून कुठे ठेवायच्या हे कुणालाच ठाऊक नव्हतं. इमारत पुढे काही खाजगी मंडळींना चालवायला दिली गेली. त्यांनी पुढे काच बसवली, आत थंड हवा आली, आणि बाळंतपणाचं पॅकेज किती हे सांगणारी पाटी लागली. मला घरपट्टीच्या खात्यात पाठवलं. बाईंची निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती, त्यांना वरच्या ऑफिसात एका खोलीत आकडेवारी तपासायला बसवलं. ज्या बाईने हजारो पोरं हातावर झेलली, ती दिवसभर जननदराचे तक्ते बघत बसायची. मी एकदा भेटायला गेलो होतो. त्या म्हणाल्या, "आकडे रडत नाहीत, एवढा एक फायदा आहे." मग निवृत्त झाल्या. निरोपसमारंभाला त्या आल्याच नाहीत असं मी ऐकलं.

पुढे दोनेक वर्षांनी सासूबाईंच्या डोळ्याच्या कामासाठी मी मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो होतो. सकाळची वेळ, तोबा गर्दी. चुकून बाळंतपणाच्या विभागाकडे वळलो. तिथल्या केसपेपरच्या रांगेत बाई उभ्या होत्या. केस पुरते पांढरे झाले होते, साडी रंगीत होती, म्हणून आधी ओळखलं नाही. त्यांच्या खांद्याला धरून एक पोटुशी मुलगी उभी होती, पाड्याकडची असावी, घाबरलेली. बाईंनी तिला एका हाताने सावरलं होतं.

खिडकीतल्या माणसाने वर न बघता विचारलं, "सोबत कोण?"

"मी. मावशी," बाई म्हणाल्या.

मी काही बोलणार तोच आतून एक तरुण डॉक्टर आली. दोन रात्री न झोपल्यासारखे डोळे. तिने मुलीला आत घ्यायला सांगितलं. बाई दोन पावलं तिच्याबरोबर गेल्या, तेव्हा डॉक्टर म्हणाली, "आजी, तुम्ही इथेच थांबा. मध्ये मध्ये येऊ नका." बाई लगेच मागे सरल्या. इतक्या मुकाट्याने सरल्या की मला राहवलं नाही. मी पुढे झालो. त्या डॉक्टरला सांगणार होतो की या कोण आहेत. बाईंनी माझं मनगट धरलं. पकड तशीच होती.

"राहू द्या, जकात."

बाकावर जागा करून आम्ही बसलो. त्यांनी हळूहळू सांगितलं. बायका अजून जुन्या जागी येतात. पेठकडून, पाड्यांवरून, कुणाची सासू, कुणाची जाऊ कधीतरी तिथे बाळंत झालेली असते, म्हणून. काचेपाशी वॉचमन अडवतो. पाटी वाचता येत नाही, मग तिथेच फाटकाशी बसून राहतात. बाई सकाळी समोरच्या टपरीवर जाऊन बसतात. एखादी दिसली की रिक्षात घालून इकडे आणतात. रोज कुणी असतंच असं नाही.

"पण मग सांगत का नाही, डॉक्टर आहे म्हणून?" मी विचारलं.

"सांगितलं होतं सुरुवातीला. फार चांगली माणसं आहेत हो. मला आत खुर्ची दिली, चहा दिला. आणि ती पोरगी तिकडे एकटी." त्या दाराकडे बघत राहिल्या. "मावशी म्हटलं की दाराशी उभं राहू देतात. तिला दिसत राहते मी. मला आता तेवढंच येतं."

मी घरचं विचारलं. भाच्यांनी मळा बिल्डरला दिला होता, तिथे आता इमारती होत्या आणि त्यातल्या एकीत तिसऱ्या मजल्यावर बाई एकट्या राहत. दुपारी लिफ्ट बंद असते, म्हणाल्या, म्हणून संध्याकाळपर्यंत घरी जायचं म्हणजे कंटाळाच. मला कळलं की लिफ्टचा यात फारसा संबंध नाही. त्यांनाही कळलं की मला कळलंय.

बराच वेळ गेला. माझा नंबर डोळ्यांच्या विभागात कधीच येऊन गेला असणार. दार उघडलं आणि आयाने बाहेर डोकं काढून मोठ्याने विचारलं, "त्या पेठवालीचं कोण आहे?"

बाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "मी आहे," म्हणाल्या, आणि पदर सारखा करून लगबगीने दाराकडे गेल्या.